सहा पाय, बारा सांधे

अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या माणसांच्या नगरला, गाड्यांची परीक्षा घेण्याची मोठी परंपरा आहे. १९२९ साली रावळपिंडीजवळ चकलाला इथे लष्करी वाहनांच्या तपासणीसाठी सुरू झालेली संस्था १९४७ साली नगरला आली. तीच आजची व्हीआरडीई. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची ही प्रयोगशाळा वाहननगरला आहे. तिच्या चाचणी-मार्गांवर वाहने मुद्दाम खडबडीत केलेल्या रस्त्यांवरून आणि चढांवरून पळवून त्यांचा कस पाहिला जातो. आठ चाकांची 'व्हॅप' ही चिलखती गाडी व्हीआरडीई आणि टाटा मोटर्स यांनी मिळून तयार केली. शहरातच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे. आपले रणगाडाचालक तिथे घडतात. १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय शाळांच्या सहलींमुळे जिल्ह्यातल्या पोरापोरांना ठाऊक आहे.

अशा गावात एका यंत्राची गोष्ट सांगायला हवी, कारण हे यंत्र जन्माला आले तेच मुळी टायर तपासण्यासाठी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यात एरिक गॉफ नावाचे अभियंते होते. टायर रस्त्यावर धावताना त्याच्यावर एकाच दिशेने भार येत नाही. वरून गाडीचे वजन, वळणावर बाजूचा रेटा, ब्रेक मारताना मागचा ओढा, शिवाय चाकाचा कल, असे सगळे एकदम येते. हे सगळे भार प्रयोगशाळेत हवे तसे आणि एकत्र देता यावेत म्हणून गॉफ यांनी एक षट्कोनी मंच सहा लांब-आखूड होणाऱ्या पायांवर उभा केला. १९५४-५५च्या सुमारास हे यंत्र चालू झाले आणि थेट २००० सालापर्यंत कामात होते. वापरातून काढल्यावर ते संग्रहालयात गेले.

१९६५ साली डी. स्टुअर्ट यांनी सहा दिशांनी हलणाऱ्या मंचावर एक निबंध प्रसिद्ध केला. वैमानिकांच्या सरावासाठी असा मंच वापरता येईल, असा त्याचा रोख होता. स्टुअर्ट यांची रचना गॉफ यांच्या यंत्राहून वेगळी होती आणि त्या निबंधावरच्या चर्चेत खुद्द गॉफ यांनी आपल्या यंत्राची माहितीही दिली होती. तरी जगभर नाव रूढ झाले ते 'स्टुअर्ट प्लॅटफॉर्म'. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये क्लाउस कॅपल यांनी त्याच दशकात स्वतंत्रपणे हीच सहा पायांची मांडणी शोधली. तेही वस्तू हादरवून तपासणाऱ्या यंत्राची सुधारणा करता करता. तेव्हा श्रेय वाटायचे तर ते तिघांत वाटले पाहिजे, आणि त्यात गॉफ यांचा वाटा मोठा आहे. आज या जातीच्या यंत्राला हेक्सापॉड म्हणतात. विमानाचे आणि रणगाड्याचे सिम्युलेटर यावर उभे राहतात. मोठ्या दुर्बिणींचे आरसे यावर बसतात.

यंत्र दिसायला सोपे असते. खाली एक स्थिर पाया, वर एक मंच, मध्ये सहा पाय. प्रत्येक पायात मोटर किंवा हायड्रॉलिक सिलिंडर, त्यामुळे पाय लांब किंवा आखूड होतो. सगळे पाय सारखे लांबवले की मंच वर जातो. एका बाजूचे लांबवले की कलतो. आळीपाळीने एक लांब, एक आखूड केला की स्वतःभोवती वळतो. वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी अशा तीन सरळ हालचाली आणि तीन दिशांचे कल मिळून सहा. अवकाशात मोकळ्या असलेल्या कुठल्याही घन वस्तूला याहून जास्त हालचाली नसतात.

हेक्सापॉडला 'समांतर' यंत्र म्हणतात. त्याची तुलना जेसीबीच्या हाताशी करून पाहिली म्हणजे या शब्दाचा अर्थ उघड होतो. जेसीबीत एका भागावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा आणि शेवटी बकेट, अशी साखळी असते. पहिल्या पिनेपाशी केसभर ढिलेपणा असला तर तो पुढे हाताच्या लांबीइतका वाढत जातो आणि बकेटशी सगळ्या पिनांचे दोष एकत्र भेटतात. शिवाय मागच्या सांध्याला पुढच्या सगळ्यांचे ओझे वाहावे लागते. हेक्सापॉडमध्ये प्रत्येक पाय जमिनीपासून थेट मंचापर्यंत जातो. भार सहा जणांत वाटला जातो आणि प्रत्येक पायाला फक्त दाब किंवा ताण सोसायचा असतो, वाकायचे नसते. म्हणून बारीकशा पायांवर टनभर वजन ठेवता येते.

पण ही मिजास एका अटीवर आहे. पायाला वाकायला लागू नये, तर त्याची दोन्ही टोके मोकळेपणाने फिरली पाहिजेत. गॉफ यांनी तळाशी युनिव्हर्सल जॉइंट आणि मंचापाशी बॉल जॉइंट वापरले होते. हिशेब असा: बॉल जॉइंट तीन दिशांना फिरतो, युनिव्हर्सल दोन दिशांना, आणि पाय स्वतः एका दिशेने लांबतो. तीन, दोन आणि एक मिळून सहा. म्हणजे मोटर बंद नसेल तर एकटा पाय मंचाची एकही हालचाल अडवत नाही. मोटर थांबली की तो नेमकी एक हालचाल धरून ठेवतो. सहा पाय सहा हालचाली धरतात आणि मंच जागच्या जागी पक्का उभा राहतो. या हिशेबात बारा सांध्यांपैकी एकाने जरी दगा दिला, तरी पायात वाकण्याचा भार शिरतो आणि मंचाची जागा गणितापासून सरकते. हेक्सापॉडची जाहिरात मोटरच्या ताकदीची होते. माझ्या मते त्याची अचूकता ठरते ती सांध्यांत.

इथे या यंत्राची एक विलक्षण गंमत सांगून पुढे जाऊ. मंच कुठे हवा हे ठरवले की प्रत्येक पायाची लांबी दोन ओळींच्या गणिताने निघते. उलट, सहा पायांच्या लांब्या दिल्या आणि मंच कुठे असेल असे विचारले, तर त्याला ४० पर्यंत वेगवेगळी उत्तरे असू शकतात. सगळीच्या सगळी ४० उत्तरे प्रत्यक्षात शक्य असलेली एक रचना १९९८ साली पीटर डीटमायर यांनी दाखवली. भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या मंचावर पुष्कळ काम झाले. भास्कर दासगुप्ता आणि टी. एस. मृत्युंजय यांनी २००० साली घेतलेला त्याचा विस्तृत आढावा जगभरचे अभ्यासक अजूनही चाळतात.

आता सांध्याच्या दुखण्याकडे येऊ. नगरच्या कुठल्याही गॅरेजमध्ये मिस्त्री गाडी जॅकवर घेतो, चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आडवे हलवतो आणि सांगतो, "खालच्या बॉल जॉइंटला प्ले आलाय." गोळा आणि त्याची वाटी यांच्यात झिजेने पडलेली फट म्हणजे हा प्ले. रस्त्यावरच्या गाडीला थोडाफार प्ले चालून जातो, कारण टायर, स्प्रिंग आणि रबरी बुश तो गिळून टाकतात. हेक्सापॉडला तो चालत नाही. नवा कोरा सांधाही गोळा आणि वाटी यांच्यात काही मायक्रॉनची मोकळीक ठेवूनच बसवावा लागतो, नाहीतर तो फिरणारच नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बारा सांध्यांत प्रत्येकी पाच-दहा मायक्रॉन मोकळीक असेल आणि मंच एक मायक्रॉनने हलवायचा असेल, तर तो कुठे जाऊन थांबला हे मोटरला कळणारच नाही.

उपाय म्हणून सांधा आवळावा, तर घर्षण वाढते. मग दुसरीच अडचण उभी राहते. मोटर पाय ढकलते, सांधा जागचा हलत नाही, पायात आणि सांध्याच्या घरात ताण साठत जातो आणि मग एकाएकी सांधा सुटतो. एक मायक्रॉन हवा असताना तीन मायक्रॉनची उडी बसते. परत मागे यायचे म्हटले की दिशा बदलताना पुन्हा तेच. बॉल बेअरिंग लावले तरी ही कटकट पूर्ण सुटत नाही. इतक्या बारीक हालचालीत बेअरिंगमधले गोळे लोळायला लागण्याआधी आपल्या जागी दबून स्प्रिंगसारखे वागतात. सैल ठेवावे तर प्ले, आवळावे तर घर्षण. या कचाट्यातून सुटण्याचा मार्ग असा, की घासणारे दोन पृष्ठभाग ठेवूच नयेत. सांधा धातूच्या एकाच तुकड्याचा करावा आणि तो वाकू द्यावा.

अशा लवचीक सांध्याला फ्लेक्झर म्हणतात. कल्पना वाटते तेवढी परकी नाही. ट्रकच्या मागच्या अॅक्सलचे पाटे पाहा. ते गाडीचा भार पेलतात, अॅक्सलला पुढे-मागे सरकू देत नाहीत, आणि तरी खड्ड्यात वर-खाली होऊ देतात. एका दिशेला मऊ, दुसऱ्या दिशेला ताठ, आणि हे सगळे निव्वळ पोलादाच्या पट्टीच्या आकारामुळे. पाट्यांच्या टोकांना पिना-बुश असतात आणि पानापानांत घासाघासही होते, म्हणून ते शुद्ध फ्लेक्झर नव्हेत; पण फ्लेक्झरचे मूळ तत्त्व त्यांच्यात पूर्ण आहे.

ही मऊपणा-ताठपणाची तफावत किती मोठी असते ते हॅक्सॉच्या पात्यावर पाहता येते. पाते साधारण १२.५ मिलिमीटर रुंद आणि ०.६५ मिलिमीटर जाड असते. वाकण्याला होणारा विरोध त्या दिशेच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. हिशेब केला तर पाते चपट्या बाजूने वाकवायला जेवढा जोर लागतो, त्याच्या सुमारे ३७० पट जोर ते धारेच्या बाजूने वाकवायला लागेल. म्हणजे एकच पट्टी एका दिशेला बिजागरी आणि दुसऱ्या दिशेला तुळई. अशा दोन पट्ट्या एकापुढे एक, एकमेकींशी काटकोनात बसवल्या की युनिव्हर्सल जॉइंट तयार. सळईची कंबर एका जागी सगळीकडून बारीक केली की ती कुठेही वाकते आणि थोडी पिळलीही जाते. तो झाला बॉल जॉइंट.

कारखान्यात फ्लेक्झर बहुधा अखंड ठोकळ्यातून काढतात. दोन गोल भोके शेजारी शेजारी पाडली आणि त्यांच्यामध्ये कागदासारखी पातळ भिंत ठेवली की ती भिंत म्हणजे बिजागरी. अशा गोल खाचेच्या बिजागरीचा ताठपणा आकारावरून कसा काढायचा, याची सूत्रे पॅरॉस आणि वाइसबोर्ड यांनी १९६५ साली दिली, म्हणजे स्टुअर्ट यांचा निबंध आला त्याच सुमारास. दोन्ही कामे वेगवेगळ्या वाटांनी निघाली आणि पुढे एकाच यंत्रात भेटली.

पट्टी किती वाकवली तर तुटेल, हा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ०.३ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब पोलादी पट्टी घेऊ. ती १ अंशाने वाकवली तर तिचा बाक सुमारे ५७३ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा होतो. पट्टीच्या बाहेरच्या अंगाला यामुळे जो ताण पडतो, तो सुमारे ५२ मेगापास्कल. पाच अंशांना तो २६० च्या घरात जातो. स्प्रिंगच्या चांगल्या पोलादाची मर्यादा १००० मेगापास्कलच्या वर असते. म्हणजे अंश-दोन अंशांच्या हालचालीत पट्टीला काहीच जड जात नाही. ताण जर धातूच्या थकव्याच्या मर्यादेखाली ठेवला, तर असा सांधा लाखो-कोटी वेळा वाकून मूळ जागी परत येतो. झीज नाही, तेल-ग्रीस नाही, प्ले नाही. बॉल जॉइंट दिवसेंदिवस बिघडत जातो. नीट आखलेला फ्लेक्झर पहिल्या दिवशी होता तसाच राहतो. मला या सांध्याचा सगळ्यात मोठा गुण हाच वाटतो.

धातूची निवडही गणिताप्रमाणेच होते. लवचीक सांध्याला मजबूत पण वाकायला राजी असा धातू हवा असतो. टायटॅनियमच्या मिश्रधातूची ताकद चांगल्या पोलादाच्या जवळपास जाते, पण वाकण्याला त्याचा विरोध पोलादाच्या निम्म्याहून थोडा जास्त असतो. म्हणून वरच्याच पट्टीत ५२ ऐवजी ३० मेगापास्कल ताण पडेल. बेरिलियम-तांबे, मॅरेजिंग स्टील आणि विमानात वापरतात तसे ताकदीचे अॅल्युमिनियम ही आणखी काही नेहमीची नावे.

प्रत्यक्ष घडवण्याचे काम मात्र नाजूक आहे, आणि ते एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये असते तशाच वायर-कट यंत्रावर होते. ठोकळा आधी कडक करून घेतात, कारण पातळ भिंत काढल्यानंतर भट्टीत घातला तर ती वाकडी होईल. मग भोक पाडून त्यातून पितळेची पाव मिलिमीटर जाडीची तार ओवतात. तार आणि धातू यांच्यात पाण्यात ठिणग्या उडत राहतात आणि तार धातूला न शिवता वाट कापत जाते. न शिवता हे महत्त्वाचे, कारण मिलिंगच्या कटरचा रेटा ०.३ मिलिमीटरच्या भिंतीला सोसणार नाही. ती कटरपासून दूर झुकेल आणि जाडी एकसारखी येणार नाही. जाडी चुकली तर काय होते? वाकण्याचा ताठपणा घनाच्या प्रमाणात बदलतो. ०.३० ऐवजी भिंत ०.३३ राहिली, म्हणजे केवळ दहा टक्क्यांचा फरक पडला, तरी सांधा ३३ टक्क्यांनी ताठ होतो. बारा सांधे बारा तऱ्हांचे निघाले तर मंच तिरका वागणार.

ठिणग्यांनी कापलेल्या पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेल्या धातूचा एक अतिपातळ, ठिसूळ थर राहतो. साच्याच्या कामात त्याकडे दुर्लक्ष केले तरी भागते. फ्लेक्झरमध्ये नेमक्या याच थरात सगळ्यात जास्त ताण पडतो आणि थकव्याची पहिली भेग इथूनच सुटते. म्हणून शेवटच्या फेऱ्या कमी विजेवर, हलक्या हाताने घेतात आणि नंतर तो थर काढून टाकतात. सांध्याचे आयुष्य या शेवटच्या दोन फेऱ्यांवर ठरते.

फ्लेक्झरचे दोषही तितकेच स्पष्ट सांगायला हवेत. पहिला दोष पल्ल्याचा. ३०० मिलिमीटर लांबीचा पाय १ अंश कलला तर त्याचे टोक सव्वापाच मिलिमीटर सरकते. म्हणजे अंश-दोन अंशांच्या सांध्यांवर उभा असलेला मंच थोडेच मिलिमीटर हलणार. दुसरा, वाकलेली पट्टी सतत सरळ व्हायला बघते, म्हणून मोटरला तो रेटा धरून ठेवावा लागतो. तिसरा दोष गणित करणाऱ्याला सतावतो. पिनेचा सांधा एका ठरलेल्या बिंदूभोवती फिरतो. पट्टी वाकते तेव्हा तिचा फिरण्याचा बिंदू थोडा थोडा सरकत राहतो. पायाची लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची, हेच मग हलते होते. यावर अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या लॅरी हॉवेल यांनी सुटसुटीत वाट काढली: वाकणाऱ्या पट्टीच्या जागी योग्य ठिकाणी एक काल्पनिक पिन आणि एक काल्पनिक स्प्रिंग धरायची आणि नेहमीचे गणित करायचे. अगदी बारीक कामाला मात्र तेही पुरत नाही. तिथे सगळ्या बारा सांध्यांचा सहाही दिशांचा ताठपणा एकत्र मांडून संगणकाला सोडवायला द्यावा लागतो.

चौथा दोष दाबाचा. आपली ०.३ मिलिमीटरची पट्टी १० मिलिमीटर रुंद धरली, तर ओढताना ती १५० किलोचा भार सहज पेलेल. तीच उभी करून वरून दाबली आणि तिचे वरचे टोक मोकळे असले, तर ११-१२ किलोच्या भाराला ती बाजूला मुडपेल. म्हणून लवचीक सांध्यांची यंत्रे आखणारे लोक जमेल तिथे मंच पायांवर उभा करण्याऐवजी तो टांगतात, किंवा भार वेगळ्या स्प्रिंगवर घेऊन पायांना फक्त हलवण्याचे काम देतात.

हे सांधे आपल्याकडे कुठे वापरले गेले, हे पाहायला फार लांब जायला नको. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात टी. ए. द्वारकानाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेक्सापॉडच्या मांडणीवर बल मोजणारे संवेदक तयार केले. कल्पना गॉफ यांच्या यंत्राच्या नेमकी उलटी आहे: पाय लांबवून मंच हलवायचा नाही, मंचावर बल पडले की सहा पायांत जो दाब-ताण येतो तो मोजायचा आणि त्यावरून तिन्ही दिशांचे बल आणि तिन्ही दिशांचा पीळ काढायचा. यंत्रमानवाच्या मनगटात असे संवेदक बसले की पकडलेल्या वस्तूवर किती जोर पडतो हे त्याला कळते. अशा संवेदकात घासणारे सांधे वापरले तर घर्षण बलाचा काही भाग मधल्यामध्ये खाते आणि मोजमाप खोटे पडते. हालचाल तर जवळजवळ नसतेच. म्हणजे फ्लेक्झरचा सर्वांत मोठा दोष इथे लागूच होत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रचनेत सांधे वेगळे न ठेवता तुळईसारख्या वाकणाऱ्या भागांनीच हेक्सापॉड बनवला होता. त्याआधी २००४ साली रंगनाथ, नायर, मृत्युंजय आणि घोषाल यांनी लवचीक सांध्यांचा आणखी एक संवेदक मांडला. त्यात पाय मुद्दाम अशा अवघड स्थितीच्या जवळ ठेवले होते, की ठरावीक दिशेचे अगदी थोडे बलही पायांत मोठे होऊन दिसावे. एरवी ती स्थिती टाळण्यासाठी सगळे धडपडतात.

मुंबईच्या आयआयटीत प्रसन्न गांधी यांच्या गटाने लवचीक सांध्यांवर सरकणारे मंच सूक्ष्म छपाईसाठी वापरले. लेसरच्या प्रकाशाने थरावर थर घट्ट करत बारीक वस्तू घडवायच्या, तर मंच घर्षणाशिवाय सरकला पाहिजे.

खगोलशास्त्रात तर या सांध्यांवाचून पानही हलत नाही. तीस मीटर व्यासाच्या नियोजित टीएमटी दुर्बिणीत भारत भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही खगोलसंस्था त्यात आहे. तिचा मुख्य आरसा ४९२ षट्कोनी तुकड्यांचा असणार. प्रत्येक तुकडा तीन अॅक्चुएटरवर, म्हणजे त्याला हलवणाऱ्या पायांवर, बसतो; हा तीन पायांचा समांतर मंचच; असे एकूण १,४७६ अॅक्चुएटर. तुकड्याच्या पाठीमागच्या आधार-रचनेत बारीक लवचीक दांड्या असतात आणि मध्ये एक पातळ पडदा असतो. आरसा आपल्या पातळीत सरकणार नाही पण पुढे-मागे आणि तिरका होऊ शकेल, ही कामगिरी त्या पडद्याची. या आधार-रचना घडवण्याच्या भारतीय कामात विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइसचा सहभाग आहे. अवकाशात २०२१च्या नाताळात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाचे १८ तुकडेही हेक्सापॉडवरच आहेत. दुय्यम आरसा धरून १३२ अॅक्चुएटर, आणि प्रत्येकाचे पाऊल १० नॅनोमीटरहून लहान.

मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने २०१६ साली तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. गुरुत्वीय लहर येते तेव्हा एवढ्या अंतरात पडणारा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो. रस्त्यावरून जाणारा ट्रक, दूरच्या समुद्राच्या लाटा, वारा, या सगळ्यांनी जमीन याच्या कितीतरी पट हलत असते. ती थरथर आरशापर्यंत पोचू नये म्हणून अमेरिकेतल्या लायगोत आरसे ज्या मंचांना टांगलेले आहेत, ते मंच मॅरेजिंग स्टीलच्या पानांच्या स्प्रिंगांना बारीक लवचीक दांड्यांनी लटकवलेले असतात. भार स्प्रिंग आणि दांड्या घेतात. विद्युतचुंबकीय अॅक्चुएटर मंचाला न शिवता सहाही दिशांनी सावरतात. त्याखाली ४० किलोचा आरसा काचेच्या चार तंतूंना टांगलेला, आणि तंतूची जाडी ०.४ मिलिमीटर. दाबाने मुडपणारा सांधा टांगून वापरावा, हे तत्त्व इथे टोकाला नेले आहे. एकाही ठिकाणी धातूवर धातू घासत नाही. घासला असता तर ती एक घसटच आकाशातल्या लहरीपेक्षा मोठी ठरली असती. हिंगोलीची वेधशाळा याच नमुन्याची होणार आहे.

मग नगरच्या गाड्यांच्या दुनियेत हे सांधे उपयोगाचे आहेत का? रणगाड्याच्या सिम्युलेटरला ते कामाचे नाहीत. तिथे चालकाची पूर्ण खोली वीसेक अंश कलली पाहिजे आणि फूटभर वर-खाली झाली पाहिजे. इतके वाकायला पट्टी तयार होणार नाही, आणि चालकाच्या शरीराला दहा मायक्रॉनचा प्ले जाणवणारही नाही. तिथे चांगल्या बेअरिंगचे युनिव्हर्सल जॉइंटच हवेत. वाहने हादरवणाऱ्या मोठ्या हायड्रॉलिक मंचांतही गोळा आणि वाटी यांच्यात दाबाखाली तेलाचा थर ठेवून प्ले आणि घर्षण दोन्ही टाळतात; तेही योग्यच आहे. पण त्याच गाडीच्या चाकावर सहा दिशांनी किती बल आले हे मोजायचे झाले, तर ते मोजणारा संवेदक लवचीकच लागतो. गॉफ यांनी टायरला भार देण्यासाठी जे यंत्र उभे केले, ते भार मोजण्यासाठी वापरायचे तर सांधे बदलावे लागतात. हालचाल सेंटिमीटरची असेल तर बेअरिंग, मायक्रॉनची असेल तर फ्लेक्झर, हा माझा स्वच्छ कौल आहे. मधल्या पल्ल्यात दोन्ही एकावर एक चढवतात: खाली बेअरिंगचा मोठा मंच, त्यावर फ्लेक्झरचा छोटा.

संगमनेर, लोणी, कोपरगाव, विळद घाट इथल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी माझी एक विनंती आहे. तयार किट विकत आणून हेक्सापॉड जोडण्यापेक्षा तीन पायांचा, लवचीक सांध्यांचा छोटा मंच स्वतः करून पाहा. फीलर गेजची ०.३० मिलिमीटरची पाने पट्ट्या म्हणून चालतात. ती अॅल्युमिनियमच्या दोन तुकड्यांत घट्ट आवळायची, भोके पाडून वाकवायची नाहीत. पायांना मोटरऐवजी बारीक आट्यांचे स्क्रू लावा. मंचावर तीन ठिकाणी डायल गेज टेकवा. एक स्क्रू पाव फेरा फिरवा, आकडे लिहा, तेवढाच उलटा फिरवा आणि पुन्हा आकडे लिहा. मग स्क्रू आणि मंच तेच ठेवून पट्ट्यांच्या जागी बाजारात मिळणारे छोटे रॉड-एंड बेअरिंग लावा आणि तेच मोजमाप परत घ्या. स्क्रूच्या आट्यांचा प्ले दोन्ही वेळी असेल, पण परत येतानाच्या आकड्यांतला जास्तीचा फरक सांध्यांचा असेल. दोन्ही मोजमापांचा आलेख काढून प्रकल्पाच्या वहीत पहिल्या पानावर लावा.